कॉलेजनंतरची वर्षं अशीच निघून गेली असतील, तर कामाची दिशा निवडायची कशी?

पदवी झाली, मिळालं ते काम धरलं, ते सोडून दुसरं धरलं, मध्ये एखादी परीक्षा दिली, एखादा कोर्स अर्धवट राहिला. आता कोणी "सध्या काय चाललंय?" असं विचारलं की विषय बदलावासा वाटतो. तुमचं असं झालं असेल तर हा लेख तुमच्यासाठी आहे. मी या अवस्थेत बरीच वर्षं काढली. त्यातून बाहेर पडताना ज्या गोष्टींचा खरोखर उपयोग झाला, तेवढ्याच इथे क्रमाने लिहिते.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढच्या सगळ्या पायऱ्या तिच्यावर उभ्या आहेत. "मला नक्की काय आवडतं?" हा प्रश्न डोक्यात घेऊन बसलं की वर्ष कधी सरतं कळत नाही. जे काम कधी केलंच नाही, त्याची आवड कळणार कुठून? त्यापेक्षा असं विचारा: कोणत्या प्रकारची कामं मी रोज कुरकुर न करता करू शकतो, आणि ती कामं कोण पैसे देऊन करून घेतं? या प्रश्नाचं उत्तर कागदावर, लोकांशी बोलून आणि छोट्या चाचण्या करून मिळतं. हातातलं काम सांभाळून केलं तर साधारण तीन ते सहा महिने लागतात.

सुरुवातीला हे जवळ ठेवा

- एक जाड वही (फोनमधल्या नोंदी विखुरतात, वही एकाच जागी राहते)
- मागच्या सहा महिन्यांची बँक स्टेटमेंट्स
- सगळी गुणपत्रकं, पदवी प्रमाणपत्र, आधीच्या नोकऱ्यांची नियुक्तिपत्रं आणि अनुभवपत्रं
- जुना रेझ्युमे, कितीही वाईट असला तरी
- आठवड्यातले ठरलेले सहा ते आठ तास

अनुभवपत्र एखाद्या ठिकाणी घ्यायचं राहिलं असेल तर आजच ईमेल टाका. कंपनी बंद पडते, ओळखीचे लोक सोडून जातात, आणि ऐन नोकरी मिळायच्या वेळी तोच कागद अडतो.

## १. आधी पैशांचा हिशेब

ही पायरी रुक्ष आहे, पण ती टाळली तर पुढचे सगळे निर्णय घाईत होतात. बँक स्टेटमेंट घ्या आणि प्रत्येक खर्चापुढे खूण करा: टाळता न येणारा, कमी करता येणारा, बंद करता येणारा. विम्याचा हप्ता किंवा फी असे वर्षातून एकदा येणारे खर्च बाराने भागून महिन्यात धरा. मग हातातली बचत भागिले टाळता न येणारा मासिक खर्च. आलेला आकडा म्हणजे पगाराशिवाय तुम्ही किती महिने तग धरू शकता.

आकडा सहाच्या खाली असेल तर सध्याचं काम सोडू नका, ते कितीही नकोसं असलं तरी. "पूर्ण वेळ शोधाला देतो" म्हणून राजीनामा देणारे बरेच जण पैसे संपत आले की समोर येईल ती पहिली नोकरी धरतात आणि पुन्हा तिथेच येऊन पोचतात.

## २. मागच्या वर्षांची नोंदवही

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. भरकटलेली वर्षं वाया गेली असं आपण धरून चालतो. पण पदवीनंतर सरळ एकाच वाटेने गेलेल्या माणसाकडे जी माहिती नसते, ती तुमच्याकडे असते. तुम्ही वेगवेगळी कामं प्रत्यक्ष केलेली असतात. ती माहिती फक्त कुठे लिहिलेली नसते.

नोकऱ्यांची नावं लिहू नका, त्यांतली कामं लिहा. "विक्री प्रतिनिधी" या दोन शब्दांत काहीच कळत नाही. त्यात अनोळखी माणसाला फोन करणं होतं, दर ठरवताना घासाघीस होती, महिन्याचा अहवाल होता, चिडलेल्या ग्राहकाला शांत करणं होतं. प्रत्येक काम वेगळ्या ओळीत घ्या आणि त्यापुढे तीन गोष्टी लिहा: जमत होतं का, वेळ कसा जायचा, आणि त्या कामासाठी लोक आपणहून माझ्याकडे यायचे का. बिनपगारी कामंही घ्या. मित्राच्या कार्यक्रमाचं नियोजन, घरच्या आजारपणात कागदपत्रं सांभाळणं, कॉलेजच्या अंकाचं संपादन, सगळं.

माझ्या वहीतल्या काही ओळी अशा होत्या:

*शिकवणी, मुलांना शिकवणं: ठीक. कोणाचा कोणता धडा राहिलाय याचा तक्ता करणं: मस्त, तास कधी गेला कळायचं नाही.*

*डेटा एन्ट्री, टायपिंग: कंटाळा. दोन याद्या ताडून न जुळणारी नोंद शोधणं: फार आवडायचं. फाइल जुळली नाही की बाकीचे माझ्याकडे यायचे.*

*विक्री, अनोळखी फोन: सकाळपासून पोटात गोळा. कोणाचा फॉलोअप राहिलाय ते शोधून काढणं: आवडीनं.*

तिन्ही नोकऱ्यांचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. पण ओळी एकाखाली एक आल्यावर दिसलं की विस्कटलेल्या नोंदी जुळवणं आणि काय राहिलंय ते शोधणं, हेच काम मी प्रत्येक ठिकाणी आनंदानं करत होते. त्या धाग्याचं टोक धरून मी पुढे पुरवठा नियोजनाकडे वळले: गोदामात किती माल आहे, कधी संपेल, कधी मागवायचा. तोपर्यंत असं काही खातं असतं हेही मला माहीत नव्हतं.

नकोशा वाटलेल्या प्रत्येक ओळीपुढे कारण लिहायला विसरू नका: काम, माणसं, वेळ-जागा की पैसा. वरिष्ठ तिरसट होता म्हणून हिशेबाचं काम आवडलं नाही, आणि हिशेबच आवडला नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ही गल्लत झाली की चांगलं क्षेत्र यादीतून उगाच कटतं.

वही भरून झाली की जुन्या दोन-तीन सहकाऱ्यांना विचारा, "मी कोणतं काम सगळ्यांत चांगलं करायचे, आणि कोणतं काम माझ्यावर सोपवायला तुम्ही कचरत होता?" दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळवायला थोडं मागे लागावं लागतं, पण ते मिळवाच.

आणि एक मनापासून सांगायचं आहे. सगळ्याच ओळींपुढे "काही वाटत नाही" असंच येत असेल, दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप-भूक बिघडली असेल, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टीही नकोशा झाल्या असतील, तर ही वही मिटून आधी डॉक्टरांना भेटा. नैराश्यात सगळीच क्षेत्रं सारखीच बेचव लागतात. अशा वेळी घेतलेला करिअरचा निर्णय त्या आजाराचा असतो, तुमचा नसतो.

## ३. समाधान कशातून मिळतं, याचे निकष ठरवा

१९७० च्या दशकात रिचर्ड हॅकमन आणि ग्रेग ओल्डहॅम या अमेरिकी संशोधकांनी कामाचे पाच गुण मांडले. कामाच्या समाधानावरचं संशोधन आजही त्यांचा आधार घेतं. ते प्रश्नांच्या रूपात असे:

- कामात वेगवेगळी कौशल्यं लागतात का?
- सुरुवातीपासून शेवटपर्यंत काही पुरं केल्याचं दिसतं का, की मधलाच एक तुकडा हाती येतो?
- त्या कामाने कोणाला फरक पडतो का?
- काम कसं करायचं हे ठरवायची मोकळीक आहे का?
- काम चांगलं झालं की नाही हे कामातूनच कळतं का?

यात क्षेत्राचं नाव कुठेच नाही, हे लक्षात घ्या. एकाच पदनामाच्या दोन नोकऱ्यांपैकी एकीत पाचही गुण असतील आणि दुसरीत एकही नसेल. पाचांतले तुमच्यासाठी अत्यावश्यक दोन निवडा. मग त्यांना दोन व्यवहारी निकष जोडा: किमान किती पगार हवा (पहिल्या पायरीतला मासिक खर्चाचा आकडा इथे कामी येतो) आणि कोणत्या वेळा किंवा कोणतं शहर चालणारच नाही. हे चार निकष वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

आवडीबद्दलही थोडं. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांच्या सिद्धांतानुसार माणसाला आतून प्रेरणा मिळायला तीन गोष्टी लागतात: स्वायत्तता, काम जमत असल्याची जाणीव आणि माणसांशी जोडलेपण. म्हणजे जमायला लागलं की आवड वाढते. सुरुवातीचे काही आठवडे एखादं काम रटाळ वाटलं म्हणून लगेच "हे माझं नाही" असं ठरवू नका.

## ४. चाचण्या द्या, पण त्यांना ज्योतिषी करू नका

अभिरुची चाचण्यांमागे, म्हणजे कोणत्या प्रकारच्या कामाकडे तुमचा कल आहे ते विचारणाऱ्या चाचण्यांमागे, बहुतेक वेळा मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांची मांडणी असते. त्यांनी १९५९ मध्ये सिद्धांत मांडला आणि पुढे माणसांच्या आणि कामांच्या सहा प्रवृत्ती ठरवल्या: हातांनी करण्याची, शोध घेण्याची, कलात्मक, माणसांना मदत करण्याची, उद्यमी आणि पद्धतशीर. अमेरिकेच्या श्रम खात्याच्या 'ओ-नेट' या संकेतस्थळावर यावर बेतलेली चाचणी मोफत आहे. तिथेच शेकडो व्यवसायांची माहितीही आहे: त्या कामात रोज काय करावं लागतं, कोणती साधनं वापरतात, कोणती कौशल्यं लागतात. तिथले पगार आणि पात्रता अमेरिकेपुरत्या आहेत, त्या सोडून द्या. रोजच्या कामाचं वर्णन मात्र कुठेही उपयोगी पडतं.

चाचणीचा एकच उपयोग करा: ज्यांची नावंही ऐकली नव्हती असे व्यवसाय यादीत आणणं. निकालात आलेलं नाव तुमच्या नोंदवहीशी जुळत नसेल तर वहीवर विश्वास ठेवा. चाचणीला तुम्ही स्वतःबद्दल काय समजता ते कळतं, आणि वहीत तुम्ही काय केलं ते आहे. चार अक्षरांत स्वभाव सांगणाऱ्या प्रसिद्ध चाचण्यांवर करिअर ठरवू नका. काही आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा दिली की बऱ्याच जणांची अक्षरं बदलतात.

## ५. यादी तीनवर आणा

आता साधारण दहा पर्याय असतील. प्रत्येकासाठी नोकरीच्या वीस-पंचवीस जाहिराती उघडा. अर्ज करायचा नाही, फक्त वाचायच्या. ज्या अपेक्षा बहुतेक जाहिरातींत पुन्हा पुन्हा येतात त्या खऱ्या, एखाद-दुसरीत येणाऱ्या सोडून द्या. या काही संध्याकाळींच्या कामातून कोणत्याही समुपदेशनापेक्षा जास्त माहिती मिळते, असं माझं ठाम मत आहे.

मग प्रवेशाचं दार कसं आहे ते बघा. वैद्यक, परिचर्या, वकिली, विमानचालन अशा क्षेत्रांत परवाना किंवा ठरलेली पदवी लागतेच, तिथे आडवाट नाही. वयोमर्यादा, प्रवेश परीक्षा आणि लागणारी वर्षं आधी अधिकृत संकेतस्थळावर तपासा, कोणाच्या सांगण्यावर जाऊ नका. लेखन, डिझाइन, प्रोग्रॅमिंग, विक्री, नियोजन अशा क्षेत्रांत केलेलं काम दाखवता आलं तर दार बऱ्याचदा उघडतं.

पहिल्या पानावरच्या चार निकषांत न बसणारे पर्याय काटा. तीन ठेवा. एकच ठेवला तर माणूस त्याच्या प्रेमात पडतो आणि उणिवा दिसेनाशा होतात.

## ६. त्या कामात असलेल्या माणसांशी बोला

समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये एक निरीक्षण मांडलं. ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना त्यांनी विचारलं की त्या नोकरीची माहिती देणाऱ्या माणसाला तुम्ही किती वेळा भेटत होता. "वारंवार" म्हणणारे १६.७ टक्के निघाले, "अधूनमधून" म्हणणारे ५५.६ टक्के आणि "क्वचित" म्हणणारे २७.८ टक्के. जवळच्या लोकांना जे माहीत असतं ते बहुतेक आपल्यालाही माहीत असतं, नवी माहिती लांबच्या ओळखीतून येते. २०२२ मध्ये लिंक्डइनच्या दोन कोटींहून अधिक सभासदांवरच्या प्रयोगांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यातही फार घट्ट ओळखींपेक्षा काहीशा सैल ओळखी नोकरी मिळायला जास्त उपयोगी ठरल्या.

तेव्हा जुना वर्गमित्र, आधीच्या कचेरीतला दुसऱ्या विभागातला माणूस, मित्राची बहीण, यांच्याकडे वळा. निरोप छोटा ठेवा:

*"नमस्कार, मी … . आपण … मध्ये काम करता असं … यांच्याकडून कळलं. मी या क्षेत्राकडे वळायचा विचार करते आहे. नोकरी मागत नाही, रोजचं काम कसं असतं ते समजून घ्यायचं आहे. या किंवा पुढच्या आठवड्यात वीस मिनिटं फोनवर बोलता येईल का? आपल्या सोयीनं वेळ सांगा."*

उत्तर आलं नाही तर आठवड्याने एकदा आठवण करा, मग सोडून द्या. बऱ्याच निरोपांना उत्तर येत नाही, ते मनाला लावून घेऊ नका. फोनवर "हे क्षेत्र कसं आहे?" असं विचारू नका, "चांगलं आहे" एवढंच ऐकायला मिळेल. हे विचारा:

- काल सकाळपासून संध्याकाळपर्यंत काय काय केलंत?
- या कामातला सगळ्यात कंटाळवाणा भाग कोणता, आणि तो आठवड्यात किती वेळ खातो?
- लोक हे काम सोडून जातात ते कशामुळे?
- माझ्यासारख्या पार्श्वभूमीचा कोणी इथे आला आहे का? कसा आला?
- आणखी कोणाशी बोलू?

माझ्या अनुभवात दुसऱ्या प्रश्नाला सगळ्यात जास्त वजन आहे. प्रत्येक कामात कंटाळा असतो, आपल्याला कोणता झेपतो एवढंच बघायचं. महिनाअखेरीला साठ्याचा ताळमेळ घालताना अनेकांचा जीव जातो, असं मला एका नियोजकाने सांगितलं. ते ऐकताना मला मनातून हायसं वाटलं, कारण मला तोच भाग हवा होता. तीन पर्यायांतल्या प्रत्येकासाठी निदान तीन माणसांशी बोला. एकच माणूस भेटला आणि तो त्रासलेला असला तर सगळं क्षेत्रच काळं दिसतं.

## ७. स्वस्तातली चाचणी

आता उरलेल्या एका-दोन पर्यायांची दोन ते चार आठवडे प्रत्यक्ष चव घ्या. काही नमुने:

डेटा विश्लेषण: सरकारी खुल्या डेटाची एखादी फाइल घ्या, ती स्वच्छ करा, पिव्हट टेबल (स्प्रेडशीटमध्ये नोंदींची गटवार बेरीज करणारा तक्ता) लावून एका प्रश्नाचं उत्तर पानभरात लिहा. फाइल स्वच्छ करण्यातच वीक-एंड जाईल, आणि खरं कामही बरंचसं तसंच असतं.

शिकवणं किंवा प्रशिक्षण: एकाच विषयाचे चार तास सलग चार आठवडे घ्या. पहिला तास सगळ्यांनाच आवडतो, चौथ्या तासाला जायची तयारी करताना काय वाटतं ते बघा.

रुग्णसेवा, समाजकार्य: परवान्याची कामं करून बघता येत नाहीत, पण स्वयंसेवक म्हणून त्या वातावरणात राहता येतं. पूर्ण पाळी थांबा, तासाभराची भेट पुरत नाही.

लेखन, डिझाइन: खरा ग्राहक शोधा, छोटा का असेना. त्याने तिसऱ्यांदा बदल सांगितल्यावर तुम्ही कसे वागता, ते कळणं ही त्यातली मुख्य कमाई.

चाचणी सुरू करण्याआधी वहीत लिहा की काय दिसलं तर पुढे जायचं आणि काय दिसलं तर थांबायचं. नंतर ठरवायला गेलं की मन हवा तो निकाल लावतं. रोज कामानंतर दोनच ओळी लिहा: आज काय केलं, उद्या पुन्हा करावंसं वाटतं का.

## ८. कोर्स घ्यायचा का?

ही पायरी मुद्दाम उशिरा आली आहे. गोंधळात असताना कोर्सला नाव घातलं की काहीतरी केल्यासारखं वाटतं, दोन वर्षं निर्णय पुढे ढकलता येतो आणि घरचेही गप्प बसतात. कोर्स तेव्हाच घ्या, जेव्हा जाहिरातींत आणि फोनवरच्या बोलण्यात त्याची गरज स्पष्ट दिसली असेल आणि तुमची चाचणी पार पडली असेल.

पैसे भरण्याआधी मागच्या तुकडीतले विद्यार्थी स्वतः शोधून त्यांच्याशी बोला, संस्थेने दिलेल्या नावांवर थांबू नका. "नोकरीची हमी" असेल तर तिच्या अटी लेखी मागा: कोणतं पद, किती पगार, किती हजेरी, हमी पाळली नाही तर परतावा कधी आणि किती. "आजच भरलं तर सवलत" असं कोणी म्हणालं तर उद्यापर्यंत थांबा. आणि नोकरी देण्यासाठी अनामत, प्रशिक्षण शुल्क किंवा नोंदणी फी मागितली की तिथून निघा. खरी कंपनी नोकरी देताना उमेदवाराकडून पैसे घेत नाही.

## ९. रेझ्युमे आणि "मधल्या काळात काय केलंत?"

या प्रश्नाची धास्ती सगळ्यांना असते, पण उत्तर तुमच्या वहीत तयार आहे. रेझ्युमेच्या वरच्या भागात नव्या कामाशी जुळणाऱ्या चार-पाच गोष्टी आणि सातव्या पायरीत केलेलं काम द्या. खाली नोकऱ्या तारखांसकट क्रमाने. तारखा लपवू नका, पडताळणीत त्या बाहेर येतातच. प्रत्येक नोकरीखाली नव्या पदाला लागू पडणारंच काम लिहा, बाकीचं एका ओळीत.

तोंडी उत्तर तीन वाक्यांत बसवा: काय काय केलं, त्यात कोणतं काम पुन्हा पुन्हा हाती घेतलं, आणि म्हणून इथे का आले. माझं असं होतं: "मी शिकवणी, डेटा एन्ट्री आणि विक्री केली. तिन्ही ठिकाणी नोंदी जुळवणं आणि काय राहिलंय ते शोधणं माझ्याकडे आलं. म्हणून नियोजनाचं काम समजून घेतलं, नमुन्याच्या डेटावर साठ्याचा अंदाज बांधून पाहिला, ती फाइल सोबत आणली आहे." फाइल समोर आली की बोलणं तिच्यावर जातं आणि मधली वर्षं मागे पडतात.

आपल्यापेक्षा लहान लोकांच्या हाताखाली सुरुवात करावी लागेल, पगारही काही काळ कमी असेल. घरच्यांना हे आधीच, आकड्यांसकट सांगा: इतके महिने इतकं उत्पन्न, त्यानंतर इतकं अपेक्षित. मोघम सांगितलं की काळजी वाढते. आकडे समोर असले की बोलणं हिशेबावर येतं.

## १०. रुजू झाल्यावर

पहिल्या दिवशीच कॅलेंडरमध्ये सहा महिन्यांनंतरची तारीख टाका आणि तोवर "हे बरोबर की चूक" हा विचार बाजूला ठेवा. पहिले तीन महिने सगळंच अवघड वाटतं, त्यातून निष्कर्ष काढता येत नाही. त्या तारखेला वहीचं पहिलं पान उघडा आणि चार निकषांपुढे काय मिळालं ते लिहा. दोन किंवा जास्त जुळत नसतील तर क्षेत्र बदलण्याआधी त्याच क्षेत्रातली दुसरी कंपनी, दुसरा विभाग किंवा दुसरी पाळी शक्य आहे का ते पाहा. दुसऱ्या पायरीतले चार शब्द इथे पुन्हा लागतात: काम, माणसं, वेळ-जागा की पैसा. "काम" याच शब्दापुढे खूण आली तर मात्र पाचव्या पायरीतल्या उरलेल्या दोन पर्यायांचं पान उघडा. ज्यांच्याशी बोलला होतात त्यांचे नंबर तिथेच लिहिलेले असतील.